रिपोर्ट आपला, मग त्यातले शब्द परके का?

आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. त्यात रेशनकार्ड, आधारकार्डाच्या झेरॉक्स, लाइटचे बिल आणि दवाखान्याचे कागद असतात. त्या कागदांवर ग्लुकोज, एचबीएवनसी, टीएसएच, एसजीपीटी, अमायलेज असे शब्द छापलेले असतात. समोर आकडे, काही आकडे ठळक. डॉक्टर कागदावर नजर टाकतात, गोळ्या लिहून देतात आणि कागद पुन्हा पिशवीत जातो. रक्त आपले, पैसे आपले, पण आत काय लिहिले आहे ते घरात कुणालाच माहीत नसते.

नर्स म्हणून वॉर्डात काम करताना आणि आता वस्त्यांमधून फिरताना मी एक वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे : ‘तुम्हाला कळून काय करायचंय? गोळ्या घ्या.’ बोलणारा वाईट असतोच असे नाही. ओपीडीत रांग दाराबाहेर गेलेली असते आणि एका पेशंटला दोन मिनिटे मिळत नाहीत. पण हे वाक्य कुणाला ऐकवले जाते, हेही पाहिले पाहिजे. सोसायटीतून गाडीने आलेल्या माणसाला ते सहसा कुणी ऐकवत नाही. त्याला समजावून सांगितले जाते. म्हणून मला वाटते, वैद्यकीय शब्द समजणे हा हुशारीचा नाही, बरोबरीच्या वागणुकीचा प्रश्न आहे.

हे मी बुधवार पेठेतून लिहिते आहे. याच पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर अप्पा बळवंत चौक आहे. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियनच्या कोर्सची नवी-जुनी पुस्तके तिथे मिळतात, आणि ती घ्यायला आपल्या वस्तीतल्या मुलीही येतात. ज्या घरात लेक परीक्षेसाठी ‘इन्सुलिन’वर चार पाने पाठ करते, त्याच घरात आई रोज इन्सुलिन टोचून घेते आणि ते नेमके काय करते हे तिला ठाऊक नसते. पुस्तक घरात आले, पण त्यातली विद्या चुलीपर्यंत पोहोचली नाही. हे अंतर आता आपणच मिटवायचे आहे.

यावर काही जण म्हणतात, सगळे शब्द शुद्ध मराठीत आणा. ते काम झालेले आहे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली सुरू झाले आणि त्याने अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला ‘विकर’, हॉर्मोनला ‘संप्रेरक’ आणि कार्बोहायड्रेटला ‘कर्बोदके’ म्हणतात. पोटातल्या ज्या अवयवातून इन्सुलिन निघते, त्याला शाळेत ‘स्वादुपिंड’ म्हणतात आणि मराठी विश्वकोशात ‘अग्निपिंड’. हे शब्द घडवणाऱ्यांनी कष्ट घेतले, त्याला मी नावे ठेवत नाही. पण आमच्या गल्लीत ‘तुमच्या संप्रेरकात बिघाड आहे’ असे सांगितले, तर बाई घाबरून घरी जाईल. एका बाजूला इंग्रजीचे कुंपण, दुसऱ्या बाजूला संस्कृतचे. आपण दोन्हीच्या बाहेर.

शेजारच्या मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यात बायोकेमिस्ट्री, म्हणजे शरीरातल्या रसायनांचे शास्त्र, हाही विषय होता. त्या पुस्तकांनी बहुतेक इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून फक्त नागरीत लिहिल्या. त्यावर टीका झाली, पण मला ती वाट चुकीची वाटत नाही. स्टेशन, पेन, डॉक्टर हे शब्द आपण आपले केलेच ना? मग इन्सुलिनही आपलेच. नाव कुठलेही असू दे, अर्थ मात्र घरच्या बोलीत मिळाला पाहिजे.

आणि अर्थ वाटतो तितका अवघड नाही. रिपोर्टवरच्या बऱ्याच शब्दांना तीन किल्ल्या लागतात.

पहिली किल्ली ‘ओज’. शब्दाच्या शेवटी ‘ओज’ आले की बहुधा ती कुठली तरी साखर असते. ग्लुकोज म्हणजे रक्तात फिरणारी साखर. फ्रुक्टोज म्हणजे फळातली. लॅक्टोज दुधातली. सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखर, आणि ती ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी असते. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते. त्यामुळे ‘मला शुगर आहे, म्हणून मी गुळाचा चहा घेते’ हे स्वतःचे समाधान आहे, पथ्य नव्हे. भात, पाव, भाकरी यांतला पिठूळ भाग म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. पोटात माळ तुटते आणि मणी रक्तात येतात. भाकरी सोडा असे मी म्हणत नाही. ताटातला भाताचा ढीग आणि चहाबरोबरचे पाव कमी करा. डाळ, पालेभाजी, अंडे, सुकट वाढवा.

पाकिटावरची बारीक अक्षरेही याच किल्लीने वाचता येतात. डेक्स्ट्रोज हे ग्लुकोजचेच दुसरे नाव आहे. ‘साखर नाही’ असे लिहून आत माल्टोडेक्स्ट्रिन घातले असेल, तर रक्तातली साखर वाढतेच. किल्लीला अपवादही आहेत. भाजीतला चोथा म्हणजे सेल्युलोज, तो आपल्याला पचत नाही आणि शुगरही वाढवत नाही.

दुसरी किल्ली ‘एज’. शेवटी ‘एज’ आले की ते एन्झाइम. एन्झाइम म्हणजे शरीरातला अडकित्ता. अडकित्ता सुपारीमागून सुपारी फोडतो, पण स्वतः संपत नाही. फरक एवढाच की शरीरात प्रत्येक कामाला वेगळा अडकित्ता असतो. फोडण्याचे, जोडण्याचे, बदलण्याचे, प्रत्येकाचे काम ठरलेले. हे शेपूट १८३३ साली फ्रान्समध्ये शोधलेल्या ‘डायस्टेज’ या एन्झाइमच्या नावावरून आले. त्याआधी किंवा वेगळ्या रीतीने पडलेली पेप्सिन, ट्रिप्सिन अशी काही नावे तशीच राहिली.

अमायलेज लाळेत असते. मुलांना सांगा, भाकरीचा घास मिनिटभर चावत राहा, तो गोड लागू लागतो. पिठाची माळ तोंडातच तुटायला लागली, याचा तो पुरावा. लॅक्टेज दुधातला लॅक्टोज फोडते. नीट पाहा, ‘ओज’ आणि ‘एज’ एवढाच फरक, पण एक साखर आहे आणि दुसरा तिचा अडकित्ता. मोठेपणी अनेकांच्या आतड्यात हे लॅक्टेज कमी होते. मग दूध प्यायले की पोट फुगते, जुलाब होतात. ती बाधा नाही की नजर लागणे नाही. अशा माणसाला दही-ताक बहुतेक वेळा चालते.

रिपोर्टवर अमायलेज आणि लायपेज खूप वाढलेले असतील, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. पित्ताचे खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणे. वस्तीत दारू पिणाऱ्या माणसाच्या पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येते, ती पाठीकडे जाते, उलट्या थांबत नाहीत. आणि घरचे गॅस समजून सोडा पाजत बसतात. हा सोड्याचा आजार नाही, तातडीने ॲडमिट होण्याचा आहे. एसजीपीटी हेही एन्झाइमच. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडते, म्हणून वाढलेले दिसते.

तिसरी किल्ली हॉर्मोन. याला ‘ओज’, ‘एज’सारखे ठरलेले शेपूट नाही, पण काम एकच : सांगावा नेणे. शरीराच्या एका ठिकाणाहून निघालेला सांगावा रक्तातून दुसऱ्या ठिकाणी जातो आणि तिथले काम सुरू किंवा बंद करतो. हा शब्द १९०५ साली लंडनचे शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणे. म्हणजे ‘संप्रेरक’ हे भाषांतर चुकलेले नाही, फक्त ते आपल्या अंगणात आलेले नाही. ‘सांगावा’ मात्र आपल्या घरातलाच शब्द आहे.

इन्सुलिन हा सांगावा पेशींना सांगतो, दार उघडा, ग्लुकोज आत घ्या. टाइप वन मधुमेहात सांगावा जवळजवळ निघतच नाही, म्हणून इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते. टाइप टूमध्ये सांगावा निघतो, पण पेशींना तो नीट ऐकू येत नाही, आणि वर्षे जातात तसा सांगावाही कमी पडू लागतो. ‘इन्सुलिन लागले म्हणजे माणूस संपला’ ही समजूत म्हणूनच खोटी आहे. उलट इन्सुलिनने माणूस वाचतो. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरंटोमध्ये १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही दिवस जगवणे एवढेच डॉक्टरांच्या हातात होते. शोध लावणाऱ्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

शब्द न कळल्याने जीव कसा जातो, हे इन्सुलिनच्या बाटलीवर दिसते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर ‘४०’ लिहिलेले असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. काहींवर ‘१००’ असते. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. १००च्या बाटलीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरले, तर अडीचपट डोस जातो आणि शुगर एकदम पडते. घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी असे त्याचे टप्पे. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. इथे शुगर-फ्री गोळीचा उपयोग नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, दवाखाना गाठा. बाटली आणि सिरिंजचा आकडा जुळतो का, हे वाचायला डिग्री लागत नाही. कुणीतरी एकदा सांगावे लागते, इतकेच.

आता एचबीएवनसी. रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असते आणि ग्लुकोज त्याला चिकटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी ग्लुकोज १२६ किंवा जास्त असेल तरी मधुमेह. १०० ते १२५ हा इशारा. त्रास काहीच नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. हे आकडे घरी बसून निदान करायला नाहीत, डॉक्टरांना प्रश्न विचारायला आहेत.

यात आपल्या समाजासाठी एक खास गोष्ट आहे. विदर्भातून पुण्यात आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून एचबीएवनसी खरे असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

थायरॉइडच्या रिपोर्टवर तर निम्म्या बायका उलटा अर्थ काढतात. ‘टीएसएच वाढला, म्हणजे माझा थायरॉइड वाढला.’ बहुतेक वेळा नेमके उलटे असते. टीएसएच हा मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीचा सांगावा आहे, गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावणारा. कामगार हळू चालला की मुकादम जास्त ओरडतो. तसे थायरॉइड कमी पडले की टीएसएच वाढतो. हे समजले नाही, म्हणून ‘आता कमी झाला’ असे म्हणत बायका मनानेच गोळी बंद करतात. टीएसएच गोळीमुळेच जागेवर आलेला असतो.

काही जण अजूनही म्हणतात, शुगर हा खाऊन-पिऊन सुखी लोकांचा आजार, आमच्या हाडकुळ्या माणसाला कुठून होणार? याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. त्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सडपातळ दिसत होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. म्हणजे पोटुशी असताना आईच्या ताटात काय पडले, याचा हिशेब मूल मोठे झाल्यावर लागतो. ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी गेल्या, त्याने ही गोष्ट दुसऱ्यांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतली पाहिजे. काटकुळे आहात म्हणून तपासणी टाळू नका. आणि घरात गरोदर सून असेल तर तिला शेवटी जेवायला बसवू नका.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. त्यांच्या घरात सविताताईंसारखी डॉक्टर होती, तपासणीचा अर्थ सांगणारे माणूस होते. आपल्यातल्या बहुतेक घरांत ते नाही. म्हणून ही सोय समाजाने मिळून करायला हवी.

कायदा-नियम आपल्या बाजूने आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिले आहे की, आजार, तपासण्या आणि उपचार यांची माहिती रुग्णाला समजेल अशा पातळीवर आणि त्याला येणाऱ्या भाषेत दिली पाहिजे. आपल्या उपचारांचे कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या नियमावलीत नियम आहे. म्हणजे समजावून मागणे ही मेहेरबानी नव्हे.

माझी मागणी साधी आहे. महापालिकेच्या दवाखान्यांनी आणि खासगी लॅबनी रिपोर्टच्या मागच्या बाजूला चार ओळी मराठीत छापाव्यात : ही तपासणी कशाची, आकडा किती हवा, कमी-जास्त झाला तर कुणाला भेटायचे. कागदाची दुसरी बाजू नाहीतरी कोरीच असते. मात्र मराठी छापले की काम संपले, असेही नाही. बुधवार पेठेच्या गल्ल्यांत कर्नाटकातून, बंगालमधून, नेपाळमधून आलेल्या बाया राहतात. त्यांना मराठी कागदही परकाच. त्यांच्याजवळ बसून तोंडाने सांगणारे माणूस लागेल. रांगेतला वेळ वाया जातोच, त्या वेळात एक सिस्टर किंवा आशाताई दहा जणींना एकत्र हे सांगू शकते.

दुसरी मागणी आपल्याच माणसांकडे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवा. वस्तीतल्या नर्सिंग, फार्मसी, लॅबचा कोर्स करणाऱ्या मुलींनी पुढे बसावे. ज्यांना वाटेल त्यांनी आपला कागद घेऊन यावे. कुणाचा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नये. एकेकाला बाजूला घेऊन सांगावे. गोळी बदलण्याचा सल्ला मुलींनी देऊ नये, ते काम डॉक्टरांचे. त्यांनी फक्त शब्दाचा अर्थ सांगावा.

आणि दवाखान्यात गेल्यावर तीन प्रश्न विचारा. ही कशाची तपासणी : साखरेची, एन्झाइमची की हॉर्मोनची? माझा आकडा किती आणि किती हवा? तो जागेवर आणायला मी घरी काय करायचे? उत्तर कळले नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. मागच्या माणसाने घाई केली तर त्यालाही सांगा, तुझ्या वेळीही हेच विचार.

जयभीम.